वीज गेली की प्लेलिस्ट अर्धी रिकामी: घरच्या वाय-फाय स्पीकरांचं नेमकं काय बिघडतं

पावसाळा लागला की गोव्यातल्या बऱ्याच घरांतून एकच तक्रार ऐकू येते. माडाची झावळी तारेवर पडते, वीज जाते, तासाभराने येते. पंखे फिरायला लागतात, फ्रिज चालू होतो, वाय-फाय स्पीकर मात्र गाणी ओळखेनासे होतात. ॲप उघडलं तर कधी स्पीकरच दिसत नाहीत. कधी स्पीकर दिसतात, पण गाण्यांचा फोल्डर उघडत नाही. आणि कधी सगळं जागच्या जागी दिसतं, पण प्लेलिस्टमधली चार-दोन गाणी लागतात, मधली काही गुपचूप गाळली जातात आणि पुढचं गाणं सुरू होतं. मग घरातलं कोणीतरी राउटर बंद-चालू करतं, स्पीकर रीसेट करतं, लायब्ररी पुन्हा स्कॅन करतं. काही दिवस बरं चालतं. पुन्हा वीज गेली की पुन्हा तेच.

रीसेटने हे दुखणं जात नाही, कारण बहुतेक वेळा स्पीकर बिघडलेलाच नसतो. स्पीकरला गाणं माहीत नसतं, गाण्याचा पत्ता माहीत असतो. प्लेलिस्ट म्हणजे पत्त्यांची यादी: कुठलं यंत्र, त्यावरची कुठली डिस्क, तिच्यातला कुठला फोल्डर आणि त्यातली कुठल्या नावाची फाईल. या चारांतलं एक जरी तसूभर बदललं, तरी गाणं डिस्कवर सुखरूप असूनही स्पीकरच्या लेखी ते नाहीसं झालेलं असतं. वीज जाण्या-येण्यात यातले पहिले दोन पत्ते बदलू शकतात. चौथा बदलण्याचं कारण वेगळं आहे, आणि मराठी नावांच्या फाईली ठेवणाऱ्यांना ते विशेष नडतं. त्यावर मी खाली सविस्तर लिहिलं आहे.

याची मला इतकी काळजी वाटते, कारण बाजारात मिळणारी गाणी स्ट्रीमिंगवर पुन्हा सापडतात. पण फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडण्याकडच्या घरांत जत्रेला झालेल्या मराठी नाटकांची रेकॉर्डिंग असतात, चवथीला घुमट या वाद्यावर म्हटलेल्या आरत्या असतात, देवळातल्या भजनाच्या कॅसेट असतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आवाजातल्या ओव्या असतात. त्या दुसरीकडे कुठेही नाहीत. आणि नेमक्या याच फाईली प्लेलिस्टमधून आधी गळतात, कारण त्यांना कंपनीने नीट भरून दिलेली माहिती नसते, आणि नावं घरच्या माणसांनी, ज्याला जमेल त्याने, हाताला येईल त्या कीबोर्डवर टाइप केलेली असतात.

यंत्राचा पत्ता

गाणी ज्या कॉम्प्युटरवर, नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर आहेत, त्याला राउटर एक आयपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीपुरता दिलेला असतो. घरगुती राउटरांपैकी बरेचसे वीज गेली की कोणाला कुठला पत्ता दिला होता हे विसरतात. वीज आल्यावर जो आधी जागा होईल, त्याला मोकळा असेल तो पत्ता मिळतो. फोन, टीव्ही, स्पीकर आणि संगीताचं यंत्र एका वेळी जागे होत नाहीत, त्यामुळे कालचा २० नंबर आज टीव्हीकडे गेलेला असू शकतो. स्पीकर बिचारा टीव्हीच्या दारात उभा राहून गाणी मागतो आणि ‘फोल्डर सापडत नाही’ म्हणून परत येतो.

उपाय एकदाच करायचा. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाची सोय असते. तिथे संगीताच्या यंत्राचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, निवडून त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवा. स्पीकरांसाठीही हेच केलं तर उत्तम. यंत्राच्या आत जाऊन हाताने आयपी भरण्यापेक्षा हे राउटरवर करणं मला जास्त बरं वाटतं, कारण मग एका जागी सगळं दिसतं आणि दोन यंत्रांना एकच पत्ता मिळून भांडण होत नाही. राखून ठेवलेले पत्ते एका कागदावर लिहून राउटरच्या मागे चिकटवा. मे महिन्यातल्या किंवा परतीच्या पावसातल्या विजांनी राउटर जळणं आपल्याकडे नवं नाही, आणि नवा राउटर आला की ही सगळी राखीव यादी नव्याने भरावी लागते.

राउटर बदलल्यावर आणखी एक गोष्ट हमखास घडते. विंडोज नव्या राउटरला नवं नेटवर्क समजतं आणि त्याला ‘पब्लिक’ ठरवतं. पब्लिक नेटवर्कवर फोल्डर शेअर होत नाहीत. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ केलं की झालं. यासाठी स्पीकरला हात लावायची गरज नाही.

स्पीकरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर समजा की स्पीकर राउटरच्या आधी जागा झाला, त्याला पत्ता देणारं कोणी भेटलं नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. फायबरचा बॉक्स आणि राउटर उठायला काही मिनिटं घेतात, स्पीकर त्यांच्याआधी उठतो. राउटर पूर्ण चालू झाल्यावर स्पीकरचा प्लग काढून पुन्हा लावा. कायमचा तोडगा हवा असेल तर फायबरचा बॉक्स आणि राउटर दोन्हींना छोटा १२ व्होल्टचा यूपीएस द्या, म्हणजे ते बंदच पडणार नाहीत. आधी दोन्हींच्या ॲडॅप्टरवर व्होल्टेज वाचून घ्या, काही बॉक्स १२ व्होल्टचे नसतात.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी एक तपासावं. दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात, राउटरही असतो, पण संगीताचा कॉम्प्युटर ज्या खोलीत आहे तिथला प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. मग वीज गेल्यावर अर्धी यंत्रं जागी आणि अर्धी झोपलेली, अशी अवस्था होते. सगळंच बंद पडण्यापेक्षा ही अवस्था जास्त गोंधळाची. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर तेही चालू ठेवा, नाहीतर वीज गेल्याच्या क्षणी बदल होताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

डिस्कचा पत्ता

यूएसबी डिस्क लावलेल्या रास्पबेरी पायवर हा प्रकार मी वारंवार पाहिला आहे. डिस्क ‘म्युझिक’ नावाच्या फोल्डरवर जोडलेली असते. वीज अचानक जाते, तो रिकामा फोल्डर तसाच मागे उरतो. यंत्र पुन्हा सुरू झालं की त्याला ‘म्युझिक’ हे नाव आधीच घेतलेलं दिसतं, म्हणून ते डिस्क ‘म्युझिक १’ म्हणून जोडतं. गाणी सगळी आहेत, पण प्रत्येक पत्त्यात एक आकडा वाढला. विंडोजवर याचंच दुसरं रूप दिसतं: डिस्कचं अक्षर ई होतं ते एफ होतं.

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून संगीताच्या डिस्कला वर्णमालेतलं शेवटाकडचं एखादं अक्षर द्या. एम किंवा त्यापुढचं काहीही चालेल, म्हणजे पेनड्राइव्ह लावल्यावर ते कोणी पटकावत नाही. लिनक्सवर (रास्पबेरी पायवरही तेच असतं) आपोआप जोडण्यावर विसंबू नका. कुठली डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफस्टॅब फाईलमध्ये डिस्कच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने, एक ठरलेली जागा लिहून ठेवा. त्यातच ‘नोफेल’ हा पर्याय घाला, नाहीतर डिस्क न मिळाल्यास यंत्र सुरू होतानाच अडकून बसतं.

याहून वाईट एक गोष्ट आहे. काही संगीत सर्व्हर, म्हणजे गाण्यांची यादी ठेवून ती स्पीकरांना पुरवणारे प्रोग्रॅम, सुरू होताच लायब्ररी स्कॅन करतात. डिस्क अजून जोडली गेली नसेल तर सर्व्हरला फोल्डर रिकामा दिसतो, तो सगळी गाणी काढून टाकली असं समजतो आणि आपल्या यादीतून पुसतो. मिनिटभराने डिस्क येते, पुढच्या स्कॅनमध्ये गाणी परत येतात, पण सर्व्हरच्या आत बनवलेल्या प्लेलिस्ट, आवडीच्या खुणा, किती वेळा ऐकलं त्याचे आकडे परत येतीलच असं नाही. म्हणून सुरू होताना आपोआप स्कॅन बंद ठेवा, रात्री एका ठरावीक वेळी ठेवा, आणि डिस्क जोडल्यानंतरच सर्व्हर सुरू व्हावा अशी व्यवस्था करा.

फाईलचं नाव: ‘दुसऱ्या अंका’चं कोडं

आता मुख्य गोष्ट. एका जत्रेतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग चार फाईलींत होतं: पहिल्या अंकातली पदं, दुसऱ्या अंकातली पदं, तिसऱ्या अंकातली पदं, चौथ्या अंकातली पदं. प्लेलिस्ट लावली की पहिला अंक वाजायचा आणि एकदम चौथा सुरू व्हायचा. फोल्डर उघडून पाहिलं तर चारही फाईली समोर, हाताने लावल्या तर चारही वाजत. प्लेलिस्टची फाईल उघडली तर तिथेही चारही नावं, एका कानामात्रेचा फरक नाही.

फरक होता तो डोळ्यांना न दिसणारा. ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’ यांत ऱ आहे, ‘पहिल्या’ आणि ‘चौथ्या’ यांत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, हा ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध एक अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क फाईलचं नाव साठवताना असे जोड फोडून ठेवते. विंडोज आणि लिनक्स जसं दिलं तसं ठेवतात. फाईली मॅकच्या जुन्या डिस्कवरून नॅसवर आल्या आणि प्लेलिस्ट विंडोजवर बनली, की नॅसच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं झाली. पोर्तुगीज नावांचंही हेच होतं, डोक्यावर लाट किंवा खाली शेपूट असलेली अक्षरं अशीच फुटतात. ज्यांच्याकडे मांडो-दुलपद या गोव्याच्या कोंकणी गाण्यांचा संग्रह आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मराठीत तिसराही प्रकार आहे. काही जुने कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहिताना ऱ वापरतच नाहीत. साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. तेही तसंच दिसतं.

ओळखायची एक सोपी रीत आहे. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये फक्त ‘दुसऱ्या’ एवढा शब्द कॉपी करून आणा, शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबा. आधी काना जाईल, मग य. आता पुढच्या दाबाला खाली टिंब नसलेला साधा र हलन्तासकट उरला, तर तिथे ते अदृश्य जोडचिन्ह होतं. नाहीतर हलन्त जाईल आणि खाली टिंब असलेला ऱ उरेल. आणखी एकदा दाबा. सगळा ऱ गेला तर तो एकसंध. नुसतं टिंब जाऊन र उरला, तर तो फुटलेला. फोल्डरमधलं नाव आणि प्लेलिस्टमधलं नाव, दोन्हींवर ही परीक्षा करा. दोन उत्तरं आली की रोग सापडला.

इलाज असा: सगळ्या फाईलींची नावं एकाच रूपात आणायची, आणि ते रूप एकसंध असावं, ज्याला एनएफसी म्हणतात. लिनक्सवर कन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन आहे, ते अख्खा फोल्डर एका झटक्यात एनएफसी करतं. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं, प्रत्यक्ष बदल करायला वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती यादी नजरेखालून घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. अदृश्य जोडचिन्ह मात्र यात निघत नाही, ते शोधून बदलावं लागतं. त्यानंतर प्लेलिस्ट नव्याने बनवा. हाताने नावं टाइप करण्यापेक्षा फाईली ओढून आणून बनवलेली प्लेलिस्ट केव्हाही चांगली.

नावाच्या लांबीचाही फटका मराठीलाच बसतो. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक नॅसवर एका फाईलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. रोमन अक्षर एका बाइटचं, देवनागरी चिन्ह तीन बाइटचं. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. एकट्या ‘दुसऱ्या’मध्ये सात चिन्हं आहेत. विंडोज मात्र २५५ चिन्हं घेऊ देतं. त्यामुळे अभंगाची पहिली ओळ, गायक, राग, देवळाचं नाव आणि साल असं सगळं नावात कोंबलेली फाईल लॅपटॉपवर राहते आणि नॅसवर कॉपी होताना मागे पडते. नाव आटोपशीर ठेवा, बाकीची माहिती टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या आतल्या माहितीच्या रकान्यांत, भरा. टॅग त्याचसाठी असतात.

टॅगबद्दल थोडंसंच सांगतो. एमपीथ्रीच्या पहिल्या पिढीच्या टॅगमध्ये नावाला ३० बाइट मिळतात, त्यात मराठीची फार तर दहा चिन्हं मावतात. काही स्पीकर आधी तोच टॅग वाचतात आणि नाव अर्धवट दाखवतात. एमपीथ्रीटॅगसारख्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या पिढीचा टॅग काढून टाका आणि दुसऱ्या पिढीचा, २.३ आवृत्तीचा, यूटीएफ-१६ मध्ये लिहा (यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या युनिकोड अक्षरं फाईलमध्ये लिहिण्याच्या दोन पद्धती). फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवणाऱ्या फाईल-प्रकारात, हा प्रश्नच नाही, तिथले टॅग यूटीएफ-८ असतात. कॅसेटवरून उतरवून घेताना फ्लॅक करण्याचं हेही एक कारण आहे. ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा ठेवू नका. तो रिकामा असला की एकाच नाटकाची पदं गायकागणिक फुटून दहा अल्बम दिसतात. मी तिथे नाटक मंडळाचं किंवा देवस्थानाचं नाव लिहितो, अल्बममध्ये नाटकाचं नाव आणि साल, गायक ज्याचा त्याचा.

प्लेलिस्टची फाईल

प्लेलिस्ट स्पीकरच्या ॲपमध्ये बनवणं सोपं असतं, पण ती त्या ॲपच्या पोटात राहते. ॲप बदललं, स्पीकर रीसेट केला, की गेली. म्हणून मूळ प्रत गाण्यांच्याच फोल्डरमध्ये साध्या फाईलच्या रूपात ठेवावी आणि तिथून ॲपने ती वाचावी, असं माझं ठाम मत आहे.

ती फाईल एम-थ्री-यू-एट प्रकारची असू द्या. शेवटचा आठ म्हणजे यूटीएफ-८. नुसत्या एम-थ्री-यू मध्ये कुठली लिपी कशी साठवायची हे ठरलेलं नसतं आणि मराठी नावांची प्रश्नचिन्हं होऊन बसतात. फाईलमधले पत्ते सापेक्ष ठेवा, म्हणजे ‘या फोल्डरच्या आत अमुक’ अशा तऱ्हेचे. डिस्कच्या अक्षरापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहिलात, तर अक्षर बदलताच सगळी यादी मोडते. फोल्डरांच्या नावांमधली रेघ पुढे झुकणारी (/) वापरा, विंडोजची मागे झुकणारी नॅसला कळेलच असं नाही. आणि पहिलंच गाणं तेवढं गायब होत असेल, तर फाईलच्या सुरुवातीला बॉम नावाची अदृश्य खूण आहे का पाहा. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘यूटीएफ-८’ निवडा, ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ नको.

चिऱ्यांच्या भिंती

स्पीकर ॲपमध्ये दिसतच नसतील, तर वरचं काही करू नका, आधी वाय-फाय पाहा. जुन्या गोवेकर घरांच्या चिऱ्यांच्या भिंती जाड असतात. राउटर बाहेरच्या खोलीत, मध्ये राजांगण (आतला चौक), स्पीकर देवघराजवळ. सिग्नल पोचत नाही म्हणून मागच्या बाजूला दुसरा राउटर लावला जातो, आणि इथे घोटाळा होतो. दुसरा राउटर आपलं वेगळं नेटवर्क तयार करतो. फोन पुढच्या नेटवर्कवर, स्पीकर मागच्या. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून कोणाला शंका येत नाही. पण स्पीकर आणि ॲप एकमेकांना शोधतात ते नेटवर्कभर हाक मारून, आणि ती हाक राउटरची वेस ओलांडत नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडा आणि त्याच्यापर्यंत शक्यतो लॅन केबल न्या. गेस्ट नेटवर्कवर स्पीकर ठेवू नका, तिथेही हाक अडवली जाते.

भिंतीपलीकडच्या स्पीकरला ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ बरा पोचतो. त्यात चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो शेजाऱ्यांनी कमी वापरला असेल तो कायम करा.

फोल्डर उघडताना पासवर्ड मागत असेल, तर बहुधा कोणीतरी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला आहे. स्पीकरांसाठी फक्त वाचायची परवानगी असलेलं वेगळं खातं बनवा, म्हणजे घरच्यांच्या पासवर्डशी त्याचा संबंध उरत नाही. फार जुन्या स्पीकरांना फोल्डर शेअरिंगची फक्त पहिली आवृत्ती, एसएमबी १, कळते, आणि २०१७ च्या शेवटापासून विंडोज १० नव्याने टाकताना ती त्यात येत नाही. ती पुन्हा चालू करू नका. त्याच वर्षी जगभर पसरलेला वॉनाक्राय व्हायरस तिच्यातल्याच भोकातून शिरला होता. त्यापेक्षा त्या स्पीकरला डीएलएनए सर्व्हरमार्फत, म्हणजे फोल्डर शेअर न करता नेटवर्कवरून गाणी पुरवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, गाणी द्या.

हे सगळं झाल्यावर चवथीची वाट पाहू नका. आठवडाभर आधी, दिवसाउजेडी, कॉम्प्युटर नीट बंद करून घराचा मेन स्विच खाली करा. पाच मिनिटांनी वर करा, कॉम्प्युटर सुरू करा आणि दहा मिनिटं कशालाही हात लावू नका. मग आरत्यांची प्लेलिस्ट सुरुवातीपासून लावा आणि फाईलमधल्या नावांशी एकेक ताडून पाहा. स्पीकर दिसला नाही तर वाय-फाय, फोल्डर उघडला नाही तर आयपी किंवा डिस्कचं नाव, आणि मधलंच गाणं गळलं तर त्या नावात ऱ आहे का ते आधी बघा.